गोधडीला तीस हजारांची मशीन लागत नाही, आणि मशीनला खोबरेल तर मुळीच नाही

जिंतूरच्या वहिनींचा फोन आला. "काळी शिलाई मशीन देऊन टाकू का? भंगारवाला दारात उभाय." कशासाठी म्हणून विचारलं, तर बचत गटाच्या ग्रुपवर मेसेज आलाय म्हणाल्या. तो मेसेज एव्हाना निम्म्या मराठवाड्यात फिरला असेल. त्यात म्हटलंय ते असं: साध्या मशीनवर गोधडी होत नाही, तीस हजारांची कॉम्प्युटरवाली घ्या. टाक्यांचे प्रकार जितके जास्त, तितकी मशीन भारी. जुनी काळी मशीन भंगारात घाला. मशीन जड चालली तर खोबरेल सोडा. आणि शेवटी, सरकार फुकट मशीन देतंय, खालच्या लिंकवर नोंदणीचे पैसे भरा.

आधी खोबरेल, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे जातील, याने चालती मशीन बसेल. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. परभणी-जिंतूरकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10च्या खाली उतरतो. सकाळी डोक्याला लावायला बाटली उन्हात ठेवावी लागते, हे काय सांगायला पाहिजे? तेच तेल मशीनच्या पोटात असेल तर ते काय वितळून तुमची वाट बघत बसणार आहे? कुणी म्हणेल, आम्ही गोधड्या उन्हाळ्यात शिवतो, तेव्हा कुठं गोठतं? नाही गोठत. पण जुन्या लुगड्यांची लव झडते, ती तेलाला चिकटते, आणि खाण्याचं तेल दिवसेंदिवस चिकट होत जातं. अशी एक मशीन मी उघडली होती. शटलभोवती, म्हणजे खालचा दोरा असतो त्या भागाभोवती, लव आणि तेलाचा तपकिरी थर बसला होता, बोटाने पुसून निघेना, चिमट्याने सोलून काढावा लागला. बाई बिचारी समजत होती मोटर गेली.

सिंगरच्या जुन्या माहितीपुस्तिका काढून बघा. मशीन बरेच दिवस पडून राहून जड झाली तर थोडं रॉकेल सोडा, भरभर चालवा, पुसा आणि मग मशीनचं तेल द्या, असं त्यात लिहिलंय. दुकानात बिनरंगाचं, पातळ तेल मिळतं, तेवढंच घाला. खोबरेल घालून बसला असाल तर हाच उपाय करा. फक्त मोटर असेल तर तिचा प्लग आधी काढा आणि चुलीपासून लांब बसा.

आता तीस हजारांचं बघू. गोधडीला काय लागतं? सरळ टाका. हाताने शिवतो तो धावदोराच ना? मग शंभर नक्षीचे टाके हवेत कशाला? काळ्या मशीनला सरळच टाका येतो, आणि तो नीट येतो. अडतं ते दुसरीकडे. खालचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं मागे राहतं, म्हणून सुरकुत्या पडतात. दोष मशीनच्या किमतीचा नाही. आधी सगळे थर हाताने लांब टाक्यांनी टाचून घ्या. कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, म्हणजे प्रेशर फूटच्या, दांड्यावरचा स्क्रू थोडा ढिला करा, टाका मोठा ठेवा, शिलाई मधल्या भागापासून बाहेरच्या बाजूला घाला. सुई 16 नंबरची लावा. पाकिटावर 100/16 असतं, त्यातला 100 म्हणजे सुईची जाडी 1 मिलिमीटर. रोजच्या ब्लाउजला लावतो ती 11 किंवा 14 नंबरची सुई गोधडीत वाकते, आणि लोक म्हणतात मशीनला ताकद नाही. वरचं कापडही पुढे ओढणारा वॉकिंग फूट मिळतो. तो आपल्या मशीनच्या दांड्याला बसतो का, हे दुकानातच लावून बघा.

आणि लाइट गेली की कॉम्प्युटरवाली मशीन गप्प. उन्हाळ्यात, गोधड्या शिवायच्या दिवसांतच, आपल्याकडे लाइट जाते. पायमशीन चालत राहते. बोर्ड जळाला तर तालुक्याला कोण दुरुस्त करणार, तेही विचारून घ्या.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. आठ-दहा लुगड्यांची जाड वाकळ घरच्या मशीनवर होत नाही, तेवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. सुई आणि मशीनचा उजवीकडचा खांब यांच्यात वीतभरही जागा नसते, गुंडाळी मावत नाही. पण तीस हजारांच्या मशीनला तरी किती जागा असते? थर तीन-चार ठेवा, गोधडी पट्ट्यापट्ट्यांत शिवून नंतर जोडा. जाड वाकळ हातानेच घाला.

लिंक दाबू नका. शिंप्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे खरी, 17 सप्टेंबर 2023ला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनाला सुरू झालेली. तिच्यात अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आहे आणि नोंदणी सीएससी, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटर, या केंद्रात होते, व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे भरून नाही.

नवीनच घ्यायची असेल तर साधी पायमशीन स्टँडसकट दहा हजारांच्या आत मिळते. जुनी घेतली तरी हरकत नाही. दुकानात जाताना जुन्या सुती साडीचे चार थर घरूनच टाचून न्या, त्यात एक जोडशिवण असू द्या. चाक हाताने फिरवत सुई त्या जोडावरून सावकाश न्या. कट्ट असा आवाज आला, टाका सुटला किंवा खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, बदलून परत बघा. तरीही तसंच होत असेल तर दुसरी मशीन मागा. दुकानदार "इथं ट्रायल नसते" म्हणाला तर शेजारच्या दुकानात जा.