कंट्रोल झेड आणि माझा हात : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

मेणवलीच्या नदीघाटाचं चित्र क्रिता या संगणकावर चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कसं केलं ते मी मागच्या लेखात पायरी-पायरीने लिहिलं होतं. त्यावर 'जुना कुंचला' या नावाने आपण लिहिलंत की करड्या छटांवर 'कलर' मोडची लेयर (खालचा उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग देणारा थर) चढवल्यामुळे सावल्या राखेसारख्या मेल्यात, ओल्या दगडात आभाळाचा निळा उतरायला हवा होता आणि कॅनव्हासचं माप कुठेच नाही. शेवटी, केलेलं मागे घ्यायच्या कळांवरून, हेही : "कंट्रोल झेड हाताशी असताना याला चित्रकला म्हणायचं की चुका पुसायची सोय?"

माप राहिलं, मान्य. ए-थ्री, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), म्हणजे 4961 बाय 3508 पिक्सेल. लेखात घातलंय.

आता ते शेवटचं वाक्य. शंका कुणीही विचारावी, मी उत्तरं देतोच. पण ही शंका नाही, टोमणा आहे. वर हसरा चेहरा चिकटवायची काय गरज होती?

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एखादं अक्षर बिघडलं की टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून पुन्हा काढायचे. पुसता येतं म्हणून तुम्ही पेंटर नाही, असं त्यांना कुणी सुनावल्याचं मला आठवत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा मी पोस्टर कलरवर दिल्या. स्थिरचित्रातला तांब्या वाकडा झाला की वरून जाड रंग थापायचो. पुढे जलरंगात ओल्या ब्रशने रंग उचलायला शिकलो, ब्लेडने कागद खरवडायला शिकलो. तैलरंगवाले तर सुरीने अख्खा थर काढून टाकतात. युरोपातल्या जुन्या चित्रांचे एक्स-रे काढले की खाली आधीचे, नंतर हलवलेले हात सापडतात. या सगळ्यांना आपण काय म्हणणार?

आणि कंट्रोल झेडने जातं काय? शेवटचे काही फटकारे. रचना फसली असेल तर ती फसलेलीच राहते. मी आधी काड्यापेटीएवढी लघुचित्रं केली, त्यातलं एक निवडलं, मग तीनच छटांत सगळं बसवलं : आभाळ उजळ, पाणी मधलं, घाट गडद. कॅनव्हास आडवा उलटवून पाहिला तेव्हा पायऱ्या नदीकडे कलंडलेल्या दिसल्या. कुठलीही कळ दाबून त्या सरळ होत नाहीत. रेघ न रेघ नव्याने काढावी लागली. हे सगळं लेखात होतं. आपण वाचलंत, की वरचं चित्र पाहून थेट खाली प्रतिक्रियेच्या चौकटीत उतरलात?

सोयीचंच म्हणाल, तर राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथे प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड लागायचा आणि एका चित्राच्या ढीगभर प्रती निघायच्या. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी बहुधा अशाच एखाद्या छापखान्यातून आलेली असेल. तिच्यापुढे हात जोडताना ही सोय खटकली नाही वाटतं!

'तुमच्या पिढीला घाई फार' हेही जाता जाता म्हणालात. माझी पिढी कोणती हे आपल्याला ठाऊक नाही. माझ्या मणक्यांना विचारा.

सावल्यांबद्दल फार लिहीत नाही. करड्यात चित्र बांधून वरून रंग चढवायची रीत मी काढलेली नाही, तैलचित्रांत ती शतकानुशतकं चालत आलीय. दगड काळाच असतो आणि तो तसा ठेवणं ही माझी निवड आहे. (आपल्या स्क्रीनचा ब्राइटनेसही एकदा तपासा.) निळ्याचं काय ते पुढे कधीतरी पाहू.

राहता राहिली लेयर्ससकट मूळ फाइल, जी 'दुरुस्त करून दाखवतो' म्हणून आपण मागितलीत. ती मिळणार नाही. क्रिता फुकट आहे, उतरवून घ्या. मेणवली वाईपासून 3 किलोमीटरवर आहे.