‘किरकोळ सुधारणा’ म्हणजे नेमके काय?
अ‍ॅप किंवा फोनच्या अपडेटसोबत नेमके काय बदलले हे न सांगता ‘काही त्रुटी दूर केल्या’ एवढेच लिहून मोकळे होण्याच्या कंपन्यांच्या सवयीवर तुम्ही छापलेल्या लेखाने नेमके बोट ठेवले आहे. माझ्या हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये अशाच एका अपडेटनंतर तारखेतील दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली व ५ मार्चची नोंद ३ मे रोजी जाऊन बसली, मदत केंद्राने आधी फोन बंद करून चालू करायला लावला, मग अ‍ॅप काढून पुन्हा घ्यायला सांगितले आणि आठवड्याभराने कळवले की हा बदल मुद्दामच केलेला आहे (म्हणजे त्यांच्याही माणसांना तो ठाऊक नव्हता!). बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग अपडेटमुळे मंदावू शकतो, हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली अ‍ॅपलला अडीच कोटी युरोंचा दंड झाला होता.