समितीचा दौरा आहे? मग टायर रंगवा!

गावाची स्वच्छता तपासणाऱ्या समितीचा दौरा ठरला म्हणता? मग नालीबिलीच्या नादी लागू नका, राजेहो. नाली उपसायला माणसं लागतात, मजुरी लागते, आणि एवढं करून काढलेला फोटो शेवटी नालीचाच येतो. त्यापेक्षा समाजमंदिराची भिंत रंगवून घ्या. तीही नालीच्याच बाजूची घ्या, म्हणजे फोटो काढणारा नालीत उभा राहतो आणि नाली फोटोत येत नाही.

पेंटर तालुक्याहून आणा. गावात एक असतोच, दुकानाच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'आईचा आशीर्वाद' लिहिणारा. त्याचा हात चांगला असतो हे खरं, पण काम त्याला सांगू नका. पैसे थकले की तो रोज चौकात भेटतो. शिवाय तो आधी भिंत खरवडू म्हणेल, ओल कुठून येते ते पाहू म्हणेल, प्रायमर मागेल. इतका वेळ कोणाला आहे?

चित्र वारलीच काढायचं. ही कला पालघर जिल्ह्याकडची, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची. आपल्याकडे ती ऑइलपेंटात काढतात, त्यामुळे पुसलीही जात नाही. कोणी म्हणेल, मेळघाटात कोरकू आहेत, गडचिरोलीत गोंड-माडिया आहेत, त्यांच्यापैकी कोणाला बोलवा. बोलावू नये. ते त्यांच्या मनातलं काहीतरी काढतील आणि साहेबांना ते ओळखू येणार नाही. वारलीशेजारी जागा उरली तर समुद्र आणि नारळाची झाडं काढून टाका. मे महिन्यात पारा 45 वर गेला आणि गाव टँकरची वाट पाहत रांगेत उभं राहिलं, की पाठीमागे तेवढाच गारवा.

आता भेगांचं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतीला सोबत ओढते. म्हणून पायथ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेलेली असते. ती बुजवायला जाऊ नका. तिलाच झाडाचं खोड करा, दोन बाजूंना हिरवी पानं काढा. भेग दरवर्षी थोडी थोडी वाढते, त्यामुळे झाडही वाढत राहतं. खाली ओलीने पोपडे धरले असतील तिथे नदी दाखवा. अख्ख्या तालुक्यात बारमाही वाहणारी तेवढी एकच नदी असेल.

दर्शनी बाजूला गाडगेबाबा हवेतच. ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म 1876 चा. 2000 साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचंच नाव आहे. हातात खराटा दाखवा, तो ठळक काढा. बाकी तपशिलात फार शिरू नका. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर असा तो वेष. टाकाऊपासून टिकाऊ म्हणजे काय ते या माणसाने अंगावर घालून दाखवलं, पण त्यांचा क्रम उलटा होता. ते गावात आले की आधी झाडायला लागायचे, कीर्तन रात्री. आपण आधी कार्यक्रम उरकू.

भिंत झाली की टायर. जुन्या टायरचा पोपट करता येतो, हंस करता येतो, उभा अर्धा गाडून रांगेत लावला तर कुंपणही होतं. लाल, पिवळा, निळा, एकाआड एक. टायरच्या पोटात पावसाचं पाणी साचतं आणि ते कितीही उलटंसुलटं केलं तरी पूर्ण निघत नाही, हाच त्याचा गुण. डेंग्यूचा डास असलं साचलेलं पाणी शोधतच असतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी आटलं तरी अंडी आत चिकटून महिनोन् महिने टिकतात आणि पुढच्या पावसात पुन्हा तयार. इतकी टिकाऊ वस्तू दुसरी दाखवा!

आशाताई मात्र रसिक नाहीत. त्या बॅटरी घेऊन येतात, पोपटाच्या पोटात उजेड मारतात आणि वळवळणारे लारवे दाखवून म्हणतात, "भाऊ, हे आधी रिकामं करा, मंग फोटो काढा." खाली दोन भोकं पाडली तर पाणी साचत नाही, असंही सांगतात. लक्ष देऊ नका. भोक पाडताना रंग उडतो.

टायरनंतर बाटल्यांची फुलं. बाटल्यांचा तोटा कापसाच्या गावात पडतच नाही. हंगामात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फवारणीच्या रिकाम्या बाटल्याच बाटल्या. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत लिहिलं आहे की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. इतक्या चांगल्या बाटल्या पुरायच्या? प्रत्येकीवर रंगीत त्रिकोण आयताच छापलेला असतो: लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. रंगसंगती कंपनीनेच करून दिली आहे. शाळेच्या पोरांकडून त्या कापून घ्या, फुलं करायला लावा, हात धुवायला नंतर सांगता येईल. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-मजूर गेले, ही आठवण कोणी काढलीच तर त्याला हळूच सांगा की आजचा विषय सौंदर्यीकरण आहे.

समिती फोटो काढून, चहा घेऊन गेली की समाजमंदिराला कुलूप लावा. चावी सरपंचाच्या घरी किंवा सरपंच सांगतील त्याच्या घरी. नाहीतर पोरं आत खेळतील, बाया बचतगटाची बैठक घेतील, कोणी तूर वाळत घालेल आणि सगळी शोभा जाईल. लग्नाची पंगत रस्त्यावर बसू शकते, मांडव टाकला की झालं. म्हाताऱ्यांचं तेवढं पाहा. दुपारी सावलीला येतात आणि बरोबर समुद्राला टेकून बसतात. डोक्याच्या तेलाचे डाग पडतात, आणि निळ्यावर तर ते फारच उठून दिसतात.