आठवारी

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला येऊन चार वर्षं झाली तरी आम्ही ब्रेमार गॅदरिंग, म्हणजे ब्रेमार गावातला पारंपरिक खेळांचा मेळावा, पाहिलं नव्हतं. सप्टेंबरचा पहिला शनिवार म्हणजे ब्रेमार, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. 1848 साली व्हिक्टोरिया राणी येऊन बसली, तेव्हापासून राजघराण्याचा तिथं राबता आहे. आम्ही मात्र दर वर्षी काही ना काही निमित्तानं टाळायचो. 2025 साली तर निमित्त भक्कमच होतं, 6 सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. पण शेजारचे आजोबा म्हणाले, "विसर्जन संध्याकाळी ना? तोवर परत येऊ."

मी हो म्हटलं. मग त्यांनी माझ्या पँटकडे पाहिलं. "हीच घालून येणार? चालेल की." मुंजीला कोणी बर्म्युडा घालून आला तर आमचे काका याच सुरात 'चालेल की' म्हणतात.

म्हणून किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चौकटीचा घागरा, भाड्यानं आणायला गेलो. दुकानदारानं माप घेण्याआधीच विचारलं, "कुळ कोणतं?" मला गोत्र पाठ होतं, देवक आईला फोन करून विचारता आलं असतं, पण त्याला हवा होता क्लॅन, कारण त्यावरून कापडाच्या चौकटी ठरतात. आडनावाला 'मॅक' लावून पाहिलं. (मॅक म्हणजे मुलगा. मॅकजोशी म्हणजे जोश्यांचा मुलगा, आणि तो तर मी आहेच.) शेवटी त्यानं बिनकुळाच्या माणसालाही चालणारं 'ब्लॅक वॉच' दिलं, काळपट हिरवं-निळं, मूळचं पलटणीचं. 1746 साली सरकारनं या पोशाखावर बंदी घातली आणि ती 36 वर्षं टिकली, हेही त्यानं ऐकवलं. तेव्हा मला इंग्रजांचा राग आला होता. शनिवारी सकाळी मात्र त्यांची बाजू पटायला लागली.

किल्टला आठ वार कापड लागतं. मी तक्रारीच्या सुरात हा आकडा सांगितला, तर बायको आरशासमोर नऊवारी नेसत होती. "म्हणजे माझ्यापेक्षा एक वार कमीच," ती म्हणाली, "मग एवढा कांगावा कशाला?"

आपल्याकडे निऱ्या पुढे असतात, यांच्याकडे मागे. म्हणजे जे दिसत नाही तिथंच सगळं लक्ष ठेवायचं. पुढे दोन सपाट पदर एकावर एक, कमरेला पट्टे, पोटाखाली लोंबणारी स्पोरन नावाची चामड्याची पिशवी, उजव्या मोज्यात सुरी. सगळं चढवून झाल्यावर बायकोनं माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "आणि कासोटा?"

कासोटा नाही. इथंच घोडं पेंड खातं.

आत काय घालायचं, हा प्रश्न आजोबांना विचारायची सोय नव्हती. मग मीच इतिहासात आधार शोधला. 1822 साली चौथा जॉर्ज एडिंबरोला किल्ट घालून मिरवला, तो आत गुलाबी तुमान चढवूनच. राजाला जे चालतं ते मला का चालू नये? मी चिरंजीवांची नारिंगी फुटबॉलची चड्डी चढवली.

डी नदीच्या काठानं दीड तास गाडीत बसायचं होतं. किल्टमध्ये बसताना मागच्या निऱ्या दोन्ही हातांनी सपाट करत, एका लयीत खाली यावं लागतं. बायको हे आयुष्यभर करत आली आहे. मी तिसऱ्या प्रयत्नात स्पोरनवर बसलो. ती पोटाखालून तिथवर कशी पोचली, ते विचारू नका.

पुढच्या पदराच्या कोपऱ्याला एक मोठी पिन लावतात. मराठी माणसाला पिन दिसली की दोन्ही पदर एकत्र टोचल्याशिवाय चैन पडत नाही. मी टोचले. मैदानाजवळच्या उतारावर ढांग टाकली आणि 'टर्र' असा आवाज आला. आजोबा हळूच म्हणाले, "पिन फक्त वरच्या पदराला. ती वजनासाठी असते." हे ज्ञान मला अनामत रकमेइतकं पडलं.

खेळ मात्र बघण्यासारखे. केबर म्हणजे सोललेलं झाडाचं खोड. तिथलं प्रसिद्ध केबर 19 फूट 9 इंच लांब आणि साधारण 60 किलो वजनाचं. गडी ते ओंजळीत उभं धरतो, धावतो आणि असं उलटवतो की वरचं टोक जमिनीवर आपटून खोड पलीकडे पडावं. किती लांब गेलं ते कोणी मोजत नाही, सरळ बाराच्या काट्यावर पडलं का ते बघतात. आमच्याकडे माणूस मल्लखांबावर चढतो, इथं खांब माणसावर चढतो, एवढाच फरक. आणि हे सगळे गडी किल्टमध्येच! धावतात, वाकतात, रस्सीखेचीत जमिनीला टेकतात, आणि कुणाचं काही चुकत नाही. मी सँडविच पडलं तरी वाकलो नाही.

दुपारी सगळी बँडपथकं एकत्र वाजवत मैदानात उतरली. शेकडो बॅगपाइप आणि खाली ढोल. बायको एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "लक्ष्मी रोडवर आत्ता असंच चाललं असेल." तिचा पाय ठेका धरत होता. नऊवारीत तिला उभं राहता येत होतं, बसता येत होतं, नाचताही आलं असतं.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. कपडे बदलायला वेळ नव्हता. बादली भरून ठेवली, आरती सुरू केली. आजोबाही आले होते. टाळ्या वाजवता वाजवता ते निऱ्या सावरत अलगद गुडघ्यांवर टेकले, जणू सात पिढ्या आमच्याच घरात गणपती बसवत आहेत. पुण्यात रात्रीचे साडेअकरा, पण मिरवणुकीच्या रात्री झोपतं कोण? आई आणि आत्या व्हिडिओ कॉलवर होत्या. फोन चिरंजीवांनी धरला होता. माझ्या मागे उभं राहून.

मी बाप्पापुढे वाकलो.

क्षणभर पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग आत्या म्हणाली, "अगं, त्याचा कासोटा सुटलाय वाटतं. आणि ते नारिंगी काय गं?"

"आजी, ती माझी चड्डी आहे," चिरंजीव म्हणाले.