‘चालू गाडीची बॅटरी काढून बघा’ म्हणणाऱ्यांना

परवा रात्री आतेभावाचा फोन. “दादा, हेडलाइट एकदम पांढराफटक झाला आणि गेला. मागोमाग गाडीही बंद.” दीड वर्ष खपून त्याने सत्तरच्या दशकातली जपानी ट्विन (दोन सिलिंडरची मोटरसायकल) नटबोल्टपर्यंत सुटी करून पुन्हा बांधली होती. तक्रार एवढीच होती की बॅटरी उतरते. तेवढ्यात त्याच्याकडे तो मेसेज पोचला, जो मला आतापर्यंत तिघांनी पाठवलाय: ‘जुन्या गाडीचं चार्जिंग तपासा, मीटरशिवाय, पाच मिनिटांत!’ त्यातला पहिलाच उपाय त्याने केला. बल्ब गेला, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, वर हौसेने बसवलेला इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबाही गेला.

उपाय असा: इंजिन चालू करा, रेस धरून ठेवा आणि बॅटरीचं टर्मिनल काढा. इंजिन चालूच राहिलं तर अल्टरनेटर (गाडीत वीज बनवणारं यंत्र) ठणठणीत, बंद पडलं तर मेला.

अहो, अल्टरनेटरमधला फिरणारा भाग, म्हणजे चुंबकाचा रोटर, फिरतोय तोवर वीज तयार होतच राहते, तिला बटण नसतं. अल्टरनेटरच्या थ्री-फेज कॉइलच्या तिन्ही वायरी सोडून रेस देऊन मोजा, पन्नास-साठ व्होल्ट एसी सहज दिसतात. त्याला लगाम घालायचं काम रेग्युलेटरचं, पण बसणारे हिसके पोटात घेते ती बॅटरी. ती मध्येच काढलीत की तेच हिसके बल्ब, इग्निशन, जे समोर येईल त्यावर आदळतात. होंडाची वर्कशॉप मॅन्युअलं हेच बजावतात: स्विच चालू असताना, करंट वाहत असताना टर्मिनल किंवा कनेक्टर काढू-जोडू नका, सामान जळेल. ज्यांनी गाड्या बनवल्या त्यांचं ऐकायचं की ‘जास्तीत जास्त शेअर करा’वाल्याचं?

बरं, एवढी जोखीम घेऊन कळतं काय? काही नाही. मॅग्नेटो इग्निशनच्या (ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या) गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. डायनॅमो पार मेलेला असला तरी ती खुशाल चालत राहील आणि मेसेजवाला म्हणेल, चार्जिंग उत्तम!

आता एक अर्धसत्य मान्य करतो, नाइलाजाने. काही ब्रिटिश गाड्या बॅटरीशिवाय चालायच्या. लुकास कंपनीचा २एमसी नावाचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून हिसके गिळणारा डबा) त्यासाठीच होता. पण तो सर्किटमध्ये आधीपासून जोडलेला असतो. रेस धरून टर्मिनल उपटणं हा त्याचाही उपयोग नव्हे.

आतेभावाच्या गाडीचा खरा दोष सांगतो, कारण नव्याने बांधलेल्या गाडीत तोच आधी शोधायला हवा. जळलेलं सामान बदललं, बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करून बसवली (उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंग मोजण्यात अर्थ नाही, हेही मॅन्युअल सांगतं), आणि तीन हजार आरपीएमला तिच्या दोन टर्मिनलवर मीटर धरला. १२.६ व्होल्ट. हवे होते १४ च्या आसपास. रेग्युलेटर कोरा करकरीत, तरी तेच. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी रेग्युलेटरच्या अॅल्युमिनियमच्या अंगावर टेकवली. त्या गाडीत रेग्युलेटरचं अंग हीच त्याची अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, तेव्हा इथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. आले १.६.

बेरीज करा: १२.६ अधिक १.६, १४.२. रेग्युलेटर बिचारा स्वतःपुरते १४.२ चोख राखत होता, फक्त त्यातले १.६ वाटेतच मुरत होते. कुठे? त्या सुंदर, चकचकीत, काळ्या पावडर कोटिंगमध्ये, ज्यातून वीज जात नाही. ब्रॅकेटला कोटिंग, चेसिसला कोटिंग आणि मध्ये एक बोल्ट, त्याच्या आट्यांमधून जेमतेम जाईल तेवढाच करंट. बोल्टखालची रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने पांढरी केली, रेग्युलेटरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला एक जाड वायर ओढली. १४.१. कोटिंग खरवडताना त्याचा चेहरा बघवत नव्हता, ते सोडा.

मेसेजमधले बाकीचे मुद्दे भराभर.

‘चार्जिंगचा लाल दिवा पेटत नाही म्हणजे सगळं ठीक.’ १९६९ पासूनच्या बॉशच्या अल्टरनेटरवाल्या बीएमडब्ल्यू बॉक्सर (दोन बाजूंना आडव्या सिलिंडरच्या) गाड्या घ्या. त्यांच्या रोटरमध्ये कायमचा चुंबक नसतो, करंट दिला की तो चुंबक होतो, आणि तो सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला की दिवाही पेटत नाही आणि चार्जिंगही होत नाही. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी तो पेटलाच पाहिजे. तिथे बघा.

‘आयडलला १३ च्या खाली दिसलं की कॉइल जळली, रिवाइंड करा.’ हेडलाइट लावून आयडलला (रेस न देता) बऱ्याच जुन्या गाड्या बॅटरीतूनच खातात, रेस दिल्यावर भरपाई करतात. कॉइलवर आळ घेण्याआधी तिच्या तिन्ही वायरी सोडा, दोन-दोनच्या तिन्ही जोड्यांवर एसी मोजा. तिन्ही आकडे सारखे आले आणि एकही वायर अर्थला लागत नसेल, तर ती निर्दोष आहे.

‘मोठी बॅटरी टाका.’ टाकी मोठी केली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही.

आणि ‘फ्यूज सारखा उडत असेल तर जाड टाका’ हा शेवटचा मुद्दा. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर चेपलीय, बहुतेक टाकीखाली किंवा हँडल वळतं तिथे, हार्नेस (वायरींचा जुडगा) नव्याने ओढताना. जाड फ्यूज टाकलात की फ्यूजऐवजी ती वायर तापेल, आणि तिच्या बरोबर वर पेट्रोलची टाकी आहे.