लकवा मारला की सुई शोधू नका, गाडी शोधा

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतो आहे: ‘अंगावरून वारं गेलं की रुग्णाला हलवू नका, मेंदूच्या शिरा फुटतील. दहाही बोटं सुईने टोचून रक्त काढा. तोंड वाकडं असेल तर कान ओढून लाल करा, पाळ्या टोचा. शुद्ध आली की मग दवाखान्यात न्या.’ यातलं काहीही पाळू नका.

आधी बोटं. मेंदूला रक्त मानेतल्या चार धमन्यांतून मिळतं. त्यांच्या एखाद्या शाखेत गुठळी अडकली किंवा ती शाखाच फुटली की लकवा. बोटाच्या टोकातलं रक्त येतं दंडाच्या धमनीतून. तिथले दहा थेंब, म्हणजे जेमतेम अर्धा मिलीलीटर, काढून मेंदूतली गुठळी सुटत नाही. टोचण्याच्या वेदनेने रक्तदाब मात्र चढू शकतो.

कानाच्या पाळीची संवेदना मानेतल्या मज्जारज्जूकडे जाते. चेहरा हलवते सातवी कपाल-नस, आणि तिला हुकूम मिळतो मोठ्या मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून. हातापायांना हुकूम नेणारे बहुतेक तंतूही लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाशी, बाजू बदलतात. म्हणून डावीकडे गुठळी अडकली की उजवं अंग लुळं पडतं, आणि भाषेचं केंद्र बहुतेकांत डावीकडेच असल्याने बोलणंही जातं. बिघाड मेंदूत असताना पाळी टोचून ओठ सरळ कसा होणार?

सगळ्यांत घातक सल्ला ‘हलवू नका’ हा. गाडीच्या हादऱ्याने मेंदूच्या शिरा फुटत नाहीत. उलट मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅननंतर; कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. धडगावच्या पाड्यावरून चांदसैली घाट उतरून नंदुरबार गाठण्याचा वेळही याच ४.५ तासांतून जातो. म्हणून लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन कुठे चालू आहे ते विचारा.

‘आमच्याकडे टोचलं आणि उतरलं’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. कधी गुठळी आपोआप सुटते, कधी लकव्यासारखं दिसणारं ते साखर घसरणं असतं. पण गुठळी आपोआप सुटून झटका उतरला असेल तर पुढचे दोन दिवस खऱ्या लकव्याचा धोका सर्वाधिक असतो. बरं वाटलं तरी त्याच दिवशी तपासणी हवी.

गाडी येईपर्यंत रुग्णाला कुशीवर झोपवा. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळण्यावर ताबा नसेल तर ते फुफ्फुसात जातं. ॲस्पिरिन नको, जिभेखाली रक्तदाबाची गोळी तर मुळीच नको: दाब एकदम पडला तर तग धरून असलेला मेंदूचा भागही उपाशी राहतो. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठताना लकवा दिसला असेल तर झोपायला गेल्याची वेळ लिहा. चालू गोळ्यांची पाकिटं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची, सोबत घ्या.