उषा म्हटलं की फक्त लॉस एंजेलिसच का?

ऐंशीच्या दशकातल्या खेळांचा विषय निघाला आणि कुणी पी. टी. उषाचं नाव घेतलं, की पाठोपाठ सुस्कारा ठरलेला. "अरेरे, शतांश सेकंदानं पदक गेलं हो!" या सुस्काऱ्याचा मला मनापासून वैताग आहे.

शर्यत जबरदस्तच होती, त्यात वाद नाही. 1984 साली लॉस एंजेलिसला महिलांची 400 मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आली. केरळातल्या पय्योलीच्या समुद्रकिनाऱ्यावर सराव करणारी 20 वर्षांची मुलगी तिथे सेमीफायनल जिंकते काय! फायनलला एकीचा फॉल्स स्टार्ट झाला आणि सगळ्यांना परत मागे बोलावलं. पुन्हा धावल्या. मोरोक्कोची नवल पहिली, अमेरिकेची ज्युडी ब्राउन दुसरी. तिसरं कोण, ते फोटोवरून ठरलं. रोमानियाची कोजोकारू 55.41, उषा 55.42. तिकडचं जेवण घशाखाली उतरेना म्हणून भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, असं तिनं पुढे एका मुलाखतीत सांगितलंय. आहारतज्ज्ञ वगैरे लाड तेव्हा कुठले!

ते 55.42 पुढची 39 वर्षं आपल्या एकाही मुलीला गाठता आलं नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विद्या रामराजनं नेमकी तेवढीच वेळ नोंदवली. म्हणजे आपण ज्याला अपयश म्हणून कुरवाळत बसलो, तो राष्ट्रीय विक्रम होता.

आणि खरी उषा तर त्यानंतरची. 1985, जकार्ता, आशियाई अ‍ॅथलेटिक्स. 100, 200, 400, 400 अडथळा आणि 4 बाय 400 रिले, अशी पाच सुवर्णं. शिवाय 4 बाय 100 रिलेचं ब्राँझ. जरा विचार करा. 100 मीटरला सुटलं की सुटलं, श्वास घ्यायलाही उसंत नाही. अडथळ्यांना दर 35 मीटरवर एक, असे दहा अडथळे, आणि प्रत्येकाच्या आधी पावलांचं गणित बसवायचं. दम वेगळा, तंत्र वेगळं. एकाच स्पर्धेत दोन्ही जिंकणं म्हणजे चेष्टा नाही.

पुढच्या वर्षी सोलची आशियाई स्पर्धा. भारताला एकूण 5 सुवर्णं, त्यातल्या 4 मध्ये उषा. तीन एकटीची, चौथं शायनी अब्राहम, वलसम्मा आणि वंदना राव यांच्यासोबत रिलेचं. पाचवं पैलवान कर्तार सिंगचं. 100 मीटरला मात्र फिलिपिन्सच्या लिडिया डी व्हेगानं तिला मागे टाकलं. पण 1986 म्हटलं की आपल्याला आठवतो शारजात मियांदादनं मारलेला सिक्सर. फार तर मद्रासची टाय झालेली कसोटी, तीही त्याच सप्टेंबरातली!

"आशिया वेगळं, ऑलिंपिक वेगळं," असं कुणीतरी म्हणणारच. मान्य. पण 1984 आणि 1988 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये आपल्या अख्ख्या पथकाला मिळून एकही पदक नव्हतं. 1988 ला दुखऱ्या टाचेनिशी उतरलेली उषा पहिल्याच फेरीत बाद झाली आणि लोकांनी तिला धारेवर धरलं. अपेक्षांचं सगळं ओझं एकटीच्याच डोक्यावर.

तिचे प्रशिक्षक नंबियार यांना द्रोणाचार्य पुरस्कार 1985 सालचा. पद्मश्रीला मात्र 2021 उजाडलं, तोवर त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. त्याच वर्षी ते गेले.